जुन्या जीपचा खडखडाट: आवाज कुठला, खर्च कुठला



आज विषय जरा तेलकट आहे. आमच्या गटाने जुनी फोर-व्हील जीप घेतली, त्याला आता बरीच वर्षं झाली. वरच्या वाड्यांचा रस्ता कच्चा, मध्ये दोन ओढे, पावसाळ्यात छोटा टेम्पो दिवाळीपर्यंत वर चढत नाही. भाजीचे क्रेट, दुधाचे कॅन आणि रात्री-अपरात्री अडलेली बाळंतीण, सगळं याच गाडीतून खाली येतं. त्यामुळे गाडीच्या पोटातून ‘खट्ट’ असा आवाज यायला लागला, तेव्हा आमच्या पोटात गोळा आला.

पहिल्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने गाडी एकदा पुढे घेतली, एकदा मागे घेतली आणि उतरून म्हणाला, “ताई, मागचं डिफरन्शियल गेलं. अख्खं हाउसिंगच बदला.” त्याने सांगितलेला आकडा आमच्या वर्षभराच्या बचतीला भिडत होता. आम्ही हो म्हणणारच होतो. पण गटातल्या थोरल्या काकू म्हणाल्या, “वाजतंय कुठनं ते तरी बघू या आधी. पोट दुखतंय म्हणून लगेच ऑपरेशन करतं का कुणी?” गाडी दुसरीकडे नेली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आम्हाला गाडीखाली वाकून बघायला लावलं आणि हातात खडू दिला. डिफरन्शियलला काही झालं नव्हतं. दांड्याच्या टोकाचा क्रॉस झिजला होता. खर्च आला तो पहिल्या आकड्यापुढे किरकोळ. त्या दिवशी कळलं ते, आणि पुढे आमच्याच चुकांनी कळलं तेही, आज सांगतो.

आधी इंजिनाचा जोर चाकापर्यंत जातो कसा ते बघू. इंजिनातून क्लच, क्लचमधून गिअरबॉक्स. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी चिकटलेली असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. ड्रायव्हरजवळ गिअरच्या बाजूला जो जादा लहान दांडा दिसतो, तो तिचाच. या पेटीतून एक लांब नळीसारखा दांडा मागे जातो आणि एक पुढे. हे प्रॉपेलर शाफ्ट. दांड्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी सांधा असतो, गॅरेजमध्ये त्याला नुसतं क्रॉस म्हणतात. गाडी खड्ड्यात आदळली की मागचा ॲक्सल वर-खाली होतो, तरी दांडा फिरत राहतो तो या क्रॉसमुळे. दांडा लांब-आखूड व्हायला मध्ये एक सरकता जोड असतो, स्लिप. आणि शेवटी मागच्या ॲक्सलच्या मध्यावर जो लोखंडी गोळा दिसतो, ते डिफरन्शियल. फोर-व्हील जीपमध्ये असा गोळा पुढेही असतो.

या गोळ्यात दोन कामं चालतात. पहिलं, दांड्याच्या टोकाचं लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राउनला फिरवतं. दुसरं काम वळणाचं. मळणीला तिवड्याभोवती बैलांची पात फिरते, ती आठवा. तिवड्याजवळचा बैल जवळपास जागच्या जागी फिरतो आणि कडेच्या बैलाला धावावं लागतं. गाडी वळतानाही आतलं चाक कमी चालतं, बाहेरचं जास्त. दोन्ही चाकं एकाच सळईला घट्ट बांधली असती तर वळणावर एक टायर फरफटला असता. म्हणून क्राउनच्या पोटात लहान गिअर असतात, ते दोन्ही चाकांना आपापल्या गतीने फिरू देतात.

आता ‘प्ले’ म्हणजे काय? जात्याचा खुंटा सैल झाला की काय होतं? हात आधी थोडा फुकट फिरतो, मग खुंटा भोकाच्या कडेला आपटतो आणि मग जातं फिरतं. दिशा बदलली की पुन्हा तेच. हे फुकट फिरणं म्हणजे प्ले, आणि आपटणं म्हणजे आपला ‘खट्ट’. जीपमध्ये असे सैल खुंटे एक नाही, सात-आठ ठिकाणी असू शकतात: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन क्रॉस, स्लिप, क्राउन-पिनियन, आतले लहान गिअर, चाकापर्यंत जाणाऱ्या ॲक्सलचे दाते. बसल्या जागी सगळ्यांचा मिळून एकच आवाज ऐकू येतो. म्हणून गाडी पुढे-मागे करून ‘डिफरन्शियल गेलं’ असं कुणालाच सांगता येत नाही.

आणखी एक. पाट्याच्या स्प्रिंगा ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट ढिले झाले, किंवा स्प्रिंगांचे बुश गेले, की अख्खा ॲक्सल जागेवरून हलतो आणि अगदी असाच खट्ट वाजतो. तपासायला पाना लावून दोन मिनिटं लागतात. हे सगळ्यात आधी बघा.

गाडीखाली जायचं तर गाडी सपाट जागी हवी. इंजिन बंद, थंड, चावी आपल्या कनवटीला. चाकांना पुढून आणि मागून दोन्हीकडून दगड लावायचे. काही जुन्या जीपमध्ये हॅण्डब्रेक चाकाला नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे दांड्यावर असतो. अशा गाडीचं मागचं एकच चाक जॅकने उचललं तर हॅण्डब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. दांडा धरलेला असला तरी उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सुलटं. वळणासाठी केलेली सोयच इथे घात करते. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. खाली लोखंडी घोड्या लावा. विटा चालत नाहीत, वीट अचानक फुटते.

पहिल्या तपासणीला गाडी उचलायची गरज नाही, जीप तशीही उंच असते. गिअर न्यूट्रल, फोर-व्हीलचा दांडा टू-व्हीलवर. हॅण्डब्रेक दांड्यावरचा असेल तर तो सोडा. दगड लावलेलेच आहेत. आता एका हाताने क्रॉसच्या अलीकडचा भाग धरा, दुसऱ्या हाताने पलीकडचा, आणि ओला कपडा पिळल्यासारखं उलट-सुलट फिरवा. मग वर-खाली हलवा. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला काहीच सैल लागत नाही. डोळ्यांना दिसेल इतकं हललं तर क्रॉस गेला, त्यात ‘अजून थोडे दिवस चालेल’ नाही. क्रॉसच्या चार टोप्यांभोवती कुंकवासारखी तांबडी पूड दिसली तर आतलं ग्रीस संपून गंज दळला जातोय. सकाळी गाडी निघताना हळू वेगात चिमणीसारखं चिव-चिव वाजलं तर तेही कोरड्या क्रॉसचंच लक्षण.

क्रॉसवर आम्ही इतका जोर देतो त्याला कारण आहे. चालत्या गाडीत क्रॉस तुटला तर दांडा खाली लोंबतो. मागचा दांडा सुटला की टू-व्हीलवर चाललेल्या गाडीच्या चाकांचा इंजिनाशी संबंधच तुटतो. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडीला जे धरून ठेवतं, ते धरणं एका क्षणात जातं. हॅण्डब्रेक दांड्यावरचा असेल तर तोही निकामी, कारण तो ज्याला धरतो तो दांडा आता चाकाला जोडलेलाच नाही. उरतो फक्त पायाचा ब्रेक. मागे बारा बाया आणि भाजीचे क्रेट. आमचा काढलेला क्रॉस हातात घेतला तेव्हा त्याच्या एका टोकाला नखाने जाणवतील अशा खाचा पडल्या होत्या. तो घेऊन आम्ही महिनाभर घाट उतरत होतो.

क्रॉस ठीक निघाला तर पुढे सरका. दांड्याचं मागचं टोक ज्या तबकडीला बोल्टने जोडलेलं असतं, ती तबकडी दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. इथे हाताला जाणवेल असं हलणं बिलकुल नको. हललं तर पिनियनचं बेअरिंग गेलंय. बेअरिंग गेलं की पिनियन आपल्या जागेवरून सरकतो, दात चुकीच्या ठिकाणी घासतात, आणि बेअरिंगवर भागलं असतं ते काम क्राउन-पिनियनवर जातं.

मग तीच तबकडी गोल दिशेने, घड्याळासारखी, पुढे-मागे फिरवा. चाकं जमिनीवर असल्यामुळे ती फिरणार नाहीत, फक्त मधला सैलपणा हाताला लागेल. तबकडीवर आणि मागच्या हाउसिंगवर समोरासमोर खडूने रेघ मारा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फिरते ते सुताने मोजा आणि वहीत तारखेसकट लिहा. जुन्या गाडीत इथे थोडं फिरणं असतंच, आणि ते असतं त्यापेक्षा मोठं दिसतं. का ते सांगतो. जुन्या सीजे बनावटीच्या जीपमध्ये क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला दांडा पाचहून जास्त फेरे फिरतो. त्यामुळे चाकाकडच्या बाजूला बोटभर सैलपणा असेल तर दांड्याकडे तो पाचपट होऊन दिसतो. इथेच पुष्कळ मालक घाबरतात. आजचं माप काय आहे त्यापेक्षा सहा महिन्यांत ते किती वाढलं, हे आम्ही बघतो. वाढत नसेल, तेल स्वच्छ असेल, आवाज नसेल, तर आम्ही त्या गाडीला हात लावत नाही.

खुद्द क्राउन आणि पिनियनच्या दातांमधली फट फार थोडी ठेवलेली असते, एक-दोन दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या दोन पानांएवढी. ती हाताने मोजता येत नाही. त्याला डायल गेज लागतो आणि तो लावणारा मिस्त्री लागतो.

आतले लहान गिअर झिजलेत का हे बघायला दोघीजणी लागतात. पुढच्या चाकांना दगड लावून मागची दोन्ही चाकं घोड्यांवर घ्या. चाकाला हॅण्डब्रेक असेल तर तो सोडा. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका. एकीने डावं चाक सावकाश पुढे फिरवलं की दुसरीच्या हातातलं उजवं चाक उलट फिरायला लागतं. डावं किती फिरल्यावर उजवं हलतं ते बघा. तेवढा सैलपणा लहान गिअरांचा आणि ॲक्सलच्या दात्यांचा. गाडी अशी वर आहे तोवर टायर वर-खाली धरून हलवूनही बघा, चाकाचं बेअरिंग सैल असेल तर तिथेच कळेल.

आता कानाचं काम. आपल्याला जात्याच्या आवाजावरून पीठ जाड पडतंय की बारीक हे कळतं, मग हेही कळेल. ॲक्सिलरेटर दाबल्यावर ‘हूंऽऽ’ असा सूर लागतो आणि पाय काढला की जातो, किंवा उलट पाय काढल्यावरच लागतो, तर क्राउन-पिनियनच्या दातांची एक बाजू घासली आहे किंवा त्यांची बसणी बिघडली आहे. पाय दाबा नाहीतर काढा, घरघर तशीच राहते आणि वेगाबरोबर वाढते, तर बहुधा बेअरिंग. फक्त वळणावरच वाजलं तर आतले लहान गिअर किंवा चाकाचं बेअरिंग. आणि डांबरावर एक आवाज, मातीवर दुसरा, तर तो टायरचा. त्यासाठी गाडी उघडू नका.

टकटक ठरावीक तालात येत असेल तर एक सोपी युक्ती आहे. टायरवर खडूने खूण करा, गाडी न्यूट्रलमध्ये सपाट रस्त्यावर चौघींनी ढकला, स्टिअरिंगवर एकजण ब्रेकवर पाय ठेवून बसू द्या. चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच ‘टक’ झालं तर क्राउनचा एखादा दात किंवा चाकाकडचं काही. एका फेऱ्यात पाच-साडेपाच वेळा झालं तर पिनियन किंवा दांडा, कारण तेच तेवढ्या वेळा फिरतात. ही युक्ती आम्ही एका ड्रायव्हरला दाखवली तर तो म्हणाला, “मावशी, वीस वर्षं गाडी चालवतोय, हे डोक्यात आलं नाही.”

तेलाकडे आम्ही दुर्लक्ष केलं आणि त्याचे पैसे मोजले, म्हणून ते नीट ऐका. डिफरन्शियलमध्ये घट्ट गिअर ऑइल असतं, दुकानात ‘नव्वदचं ऑइल’ म्हणतात. डब्यावर ईपी ९० लिहिलेलं असतं. गोळ्याच्या बाजूला भरण्याचा बोल्ट असतो. गाडी सपाट उभी करून तो काढा आणि करंगळी आत घाला. तेल भोकाच्या खालच्या काठाला लागायला हवं. आमच्या गाडीत पिनियनच्या सीलमधून तेल पाझरत होतं. आम्ही दर आठवड्याला फडक्याने पुसत होतो आणि गाडी स्वच्छ ठेवतो म्हणून स्वतःचं कौतुक करत होतो. आत किती उरलंय हे बघायचं कुणालाच सुचलं नाही. एक हंगाम असा गेला. मग तो ‘हूंऽऽ’ सूर लागला, आणि या वेळी खरोखरच बेअरिंगं आणि क्राउन-पिनियन दोन्ही गेले. सील किती स्वस्त असतं ते तुम्हीच चौकशी करा.

तेल बदलताना काढलेलं तेल उन्हात पांढऱ्या ताटलीत बघा. करड्या रंगाचा बारीक, काजळासारखा लगदा असेल तर ती रोजची झीज, काळजी नाही. बोटाला चकत्या, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा लागला तर गाडी तिथेच थांबवा. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलंय. ओढा ओलांडणाऱ्या गाड्यांचा हा ठरलेला आजार. चालून गरम झालेलं हाउसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. हवा आत-बाहेर व्हायला वर एक छोटी तोटी असते, ब्रीदर. ती चिखलाने बंद असेल तर आत ओढली जाणारी हवा सीलमधून वाट काढते आणि बरोबर पाणी आणते. ब्रीदर उघडा ठेवायला पैसे लागत नाहीत, एक जुना ब्रश लागतो.

फोर-व्हीलबद्दल थोडं. आमच्यासारख्या जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या दांड्यांच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त चालतात. चिखलात ती घसरून हिशेब मिटवतात, पण कोरड्या डांबरावर घसरत नाहीत. मग सगळ्या यंत्रणेला सुंभासारखा पीळ बसतो, दांडा फोर-व्हीलमधून निघेनासा होतो, आणि तो पीळ क्रॉस आणि गिअरांवर जातो. असा अडकला तर जोर लावू नका, गाडी सरळ थोडी मागे घ्या, पीळ सुटतो. चारही टायर एका मापाचे हवेत ते याचसाठी. आणि एक चाक चिखलात गरगर फिरतंय, दुसरं स्थिर, तरी ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबून धरतो, हे आपण प्रत्येक पावसाळ्यात बघतो. तेव्हा आतले लहान गिअर जिवाच्या आकांताने फिरतात, त्यांच्यावरची तेलाची साय निघून जाते आणि धातूवर धातू घासतो. उतरा, चाकाखाली दगड-फांद्या घाला, मग हळू काढा.

काम निघालंच तर मिस्त्रीला काय विचारायचं? क्राउन आणि पिनियन ही जोडी असते, त्यातलं एकच बदलू देऊ नका. भंगारातून जुनं डिफरन्शियल आणत असतील तर दात मोजून घ्या. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे दात ३९ आणि ८ होते, त्यानंतरच्या सीजे जीपचे ४३ आणि ८. गोळा बाहेरून सारखाच दिसतो. फोर-व्हील गाडीत पुढे एक आणि मागे दुसरं बसलं तर फोर-व्हील टाकल्या क्षणापासून पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात. नवी जोडी बसवताना दातांना रंग लावून फिरवतात आणि ठसा दाताच्या मधोमध उमटतो का बघतात; नसेल तर पातळ पत्र्याच्या चकत्या, शिम, कमी-जास्त करून पुन्हा बसवतात. “ठसा घेतला का, आम्हाला दाखवा,” असं म्हणायला लाजू नका. पहिल्यांदा विचारलं तेव्हा गॅरेजमधली पोरं हसली होती. मिस्त्री हसला नाही. त्याने हाउसिंगचं मागचं झाकण पुन्हा काढून दाखवलं. आणि दांडा परत बसवताना त्याच्या दोन टोकांचे क्रॉसचे चिमटे एका रेषेत हवेत. काढण्याआधी खडूने खूण केली तर चुकत नाही. चुकलं तर वेगात गाडी थरथरते.

नवी जोडी बसवल्यावर पहिले काही दिवस पूर्ण ओझं भरू नका, आणि पहिलं तेल लवकर, साधारण ८०० किलोमीटरला बदला. नव्या दातांची पहिली झीज त्या तेलात उतरते. आमची वही गाडीतच, सीटखालच्या पिशवीत असते. गाडी कुणीही नेली तरी सुताचं माप, तेलाची तारीख आणि काही नवीन वाजलं का, एवढं तिने उतरल्यावर लिहायचं असं ठरलंय. गेल्या आठवड्यात एकीने लिहिलंय, ‘उतारावर पाय काढला की बारीक सूर येतो.’ बाजारच्या दिवशी गाडी रिकामी झाली की खडू घेऊन बघणार आहोत.